नाताळच्या जेवणासाठी शाकाहारी मुख्य पदार्थ: सोलापूरच्या स्वयंपाकघरातून

नाताळच्या जेवणाला वीस माणसं असली की सोलापुरात त्यात चार-पाच शाकाहारी असतातच. शेजारचं लिंगायत कुटुंब, कचेरीतला जैन सहकारी, गळ्यात माळ असलेला मित्र. मटणाचा रस्सा आणि बिर्याणीचं माप आठवडाभर आधी ठरतं, शाकाहारी पानाचा विचार मात्र 24 तारखेच्या संध्याकाळी होतो आणि मग हॉटेलातून पनीरची भाजी येते. पाहुणा पोटभर जेवतो, पण सणाचा पदार्थ त्याच्या वाट्याला येत नाही. टेबलाच्या मध्यभागी ठेवता येईल, सगळ्यांसमोर कापून वाढता येईल आणि मटण खाणाराही एक काप मागून घेईल, असा एक पदार्थ शाकाहारी पाहुण्यांसाठी मुद्दाम करायला हवा.

बिनमांसाचं जेवण नाताळच्या परंपरेला परकं नाही. पोलंडमध्ये 24 डिसेंबरच्या रात्री मांस न शिजवता बारा पदार्थ मांडायची रीत आहे, त्यात मासे चालतात. इथिओपियात 7 जानेवारीच्या नाताळाआधी 43 दिवस मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. केरळातले सिरियन ख्रिस्ती नाताळाआधी पंचवीस दिवसांचा उपवास पाळतात. इंग्लंडमधल्या शाकाहारी घरांत टर्कीच्या जागी सुकामेवा, पावाचा चुरा आणि भाज्या एकत्र करून भाजलेला लांबट लादा करतात. शेंगदाण्याच्या आपल्या मुलखात तो सगळ्यात छान जमतो. त्याची सविस्तर कृती पुढे आहे.

आधी विचारून घ्या

पदार्थ ठरवण्याआधी पाहुण्यांना पाच गोष्टी विचारा: अंडं चालतं का, कांदा-लसूण चालतो का, कंदमुळं चालतात का, मशरूम खाता का, आणि शेंगदाण्याची किंवा काजूची ॲलर्जी कुणाला आहे का. शेवटचा प्रश्न लहान मुलांच्या आईवडिलांना आवर्जून विचारा. "शाकाहारी आहे" एवढं कळून भागत नाही. ज्याला अंडं चालत नाही त्याला नाताळचा केकही चालणार नाही, हे बरेचदा केक कापल्यावर लक्षात येतं.

वार आणि तिथीही बघा. एरवी मटण खाणारे पुष्कळजण सोमवारी, गुरुवारी किंवा शनिवारी खात नाहीत, आणि काही घरांत अख्खा मार्गशीर्ष पाळतात. 2025 चा नाताळ गुरुवारी आला. 2026 ला शुक्रवार आहे, पण मार्गशीर्ष चालू असेल. 2027 ला शनिवार, 2028 ला सोमवार. 2020 साली तर 25 डिसेंबरलाच मोक्षदा एकादशी होती. म्हणून शाकाहारी पान नेहमीच्या अंदाजापेक्षा वाढवूनच धरा.

जैन पाहुणे असतील तर जेवणाची वेळही त्यांना विचारा. डिसेंबरअखेर सोलापुरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. रात्री आठचं जेवण असेल तर त्यांचं पान साडेपाचला वाढावं लागेल, किंवा जेवणच दुपारी ठेवावं.

बाजारच्या वस्तूंत लपलेलं मांसही तपासा. वूस्टरशर सॉसमध्ये सहसा मासे असतात, जेलीत जिलेटिन असतं, सूपच्या काही वड्या चिकनच्या असतात. पाकिटावर हिरवा ठिपका असेल तरच घ्या.

कोणता पदार्थ कशासाठी

नाताळच्या दिवशी वेळ हातात नसतो. उपासना लांबते, दारात भेटायला आलेले लोक थांबतात, जेवण तासभर पुढे जातं. म्हणून पदार्थ आदल्या दिवशी तयार करून ठेवता आला पाहिजे आणि तासभर थांबला तरी बिघडता कामा नये. पनीर इथेच मार खातं. पुन्हा गरम केलं की ते चिवट होतं, शिवाय ती रोजच्या हॉटेलातली चव.

व्हेज बिर्याणी करायला हरकत नाही, पण शेजारी मटण बिर्याणीचं पातेलं असेल तर ती मटण काढून घेतलेली बिर्याणी दिसते. ती सोबतीला ठेवा, मुख्य पदार्थ वेगळा करा.

अख्खा फ्लॉवर भाजणं सगळ्यात स्वस्त पडतं, आणि डिसेंबरात मंडईत फ्लॉवर छान मिळतो. किलोभर वजनाचा, घट्ट गड्ड्याचा घ्या. मीठ-हळदीच्या उकळत्या पाण्यात उलटा बुडवून 8 मिनिटं ठेवा, मग चाळणीत उलटाच वीस मिनिटं निथळू द्या. हे निथळणं टाळलं की मसाला पाण्याबरोबर तळाशी उतरतो. चक्का, वाटलेला काजू आणि काळा मसाला यांचा जाड लेप द्या आणि 200 अंशांवर 35 ते 40 मिनिटं भाजा. दिसतो देखणा. पण भट्टीतून काढल्यावर अर्ध्या तासात मऊ पडतो, म्हणून सगळे एकदम पानावर बसणार असतील तरच हा निवडा.

कांदा-लसूण आणि कंदमुळं दोन्ही वर्ज्य असतील तर भरलेला लाल भोपळा करा. बाकी बहुतेक घरांसाठी शेंगदाण्याचा लादाच सरस: आदल्या दिवशी होतो, कापून वाढता येतो, आणि उरला तर दुसऱ्या दिवशी जास्त चविष्ट लागतो.

शेंगदाण्याचा भाजलेला लादा

हे माप 9 इंच लांब, 5 इंच रुंद केकच्या लांबट डब्याचं आहे. दहा काप होतात. वीस जणांत पाच शाकाहारी असले तरी एवढाच करा, कारण बाकीचेही चव घेणार. शाकाहारी दहाच्या वर असतील तर दोन डबे लावा.

शेंगदाणे 250 ग्रॅम
काजू तुकडा 150 ग्रॅम
शिळ्या पावाचा चुरा 150 ग्रॅम
अख्खा मसूर 100 ग्रॅम
मशरूम 200 ग्रॅम
कांदे 2 मध्यम, गाजर 150 ग्रॅम, उकडलेला बटाटा 1
जवसाची पूड 2 मोठे चमचे
लसूण 8 पाकळ्या, आलं बोटाच्या एका पेराएवढं
मिरपूड 1 लहान चमचा, ओवा अर्धा चमचा, चिमूटभर जायफळ
सोया सॉस 1 मोठा चमचा, मीठ दीड लहान चमचा, तेल 3 मोठे चमचे, वाटीभर कोथिंबीर

मशरूम नको असतील तर भरताचं वांगं भाजून त्याचा 200 ग्रॅम गर घ्या आणि चाळणीत तासभर निथळू द्या. पाश्चात्त्य कृतीत थाइम नावाचा पाला घालतात. त्याचा वास ज्या थायमॉलमुळे येतो तेच ओव्यातही असतं, म्हणून ओवा इथे चपखल बसतो. अर्ध्या चमच्याच्या वर जाऊ नका, नाहीतर पदार्थाला औषधाचा वास लागतो.

शेंगदाणे मंद आचेवर 10 ते 12 मिनिटं भाजा. साल बोटाने सुटायला लागली की उतरवा. त्याहून जास्त तांबडे झाले तर भट्टीत दुसऱ्यांदा भाजल्यावर कडवट होतात. पूर्ण गार झाल्यावरच सोला आणि मिक्सरला लावा, तेही थांबून थांबून, तीन-चार झटके. निम्मे दाणे तांदळाच्या कणीएवढे राहिले पाहिजेत, बाकीचा भरड कूट. आपला हात इथे चुकतो, कारण सोलापूरची शेंगा चटणी तेल सुटेपर्यंत कुटायची सवय असते. चटणीला ते तेल हवंच, लाद्याला मात्र ते घातक: कूट तेलकट झाला की बाकीचं मिश्रण त्याला धरत नाही आणि काप कोसळतो. गरम दाणे वाटले तरी हेच होतं. काजू खवट नाहीत ना, हे एक खाऊन बघा, आणि तेही असेच भरड करा.

मसूर न भिजवता उघड्या पातेल्यात 20 ते 25 मिनिटं शिजवा. दाणा अख्खा दिसावा पण बोटाने चेपला जावा. कुकरला लावलात तर एकाच शिट्टीवर बंद करा. पिठूळ झालेला मसूर लादा चिकट करतो. निथळलेलं पाणी टाकू नका, ते लाद्यासोबतच्या कांद्याच्या रश्शाला लागेल.

जवसाची पूड सहा मोठे चमचे पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवा. ती बुळबुळीत, तार धरणारी झाली की अंड्याचं काम करते. पूड ताजी दळलेली हवी. अख्खा जवस भिजवून हा परिणाम येत नाही, आणि मसाला घातलेली जवसाची चटणी तर घालूच नका.

मशरूम बारीक चिरून रुंद कढईत मोठ्या आचेवर परता. आधी पाणी सुटेल, ते पूर्ण आटून चरचर आवाज येईपर्यंत, म्हणजे 8 ते 10 मिनिटं, थांबा. इथे घाई केली की लादा मधोमध ओला राहतो, आणि मग भट्टीत कितीही वेळ ठेवला तरी सुधारत नाही. त्याच कढईत तेलावर कांदा गुलाबी करून आलं, लसूण, ओवा आणि किसलेलं गाजर घाला आणि गाजर कोरडं होईपर्यंत परता.

परातीत सगळं एकत्र करून हाताने मळा. बटाटा कुस्करून घाला, जवसाचं मिश्रण शेवटी. मूठभर गोळा दाबून बघा: आकार धरला आणि कडेला बारीक भेगा पडल्या तर बरोबर. भुगा होत असेल तर मसुराचं पाणी चमचा-चमचा वाढवा, तळहाताला चिकटत असेल तर पावाचा चुरा. आता त्यातली रुपयाएवढी टिक्की तव्यावर भाजून खा. मीठ-तिखट दुरुस्त करायची संधी एवढीच आहे, लादा भाजल्यावर काही करता येत नाही. भाजल्यावर मीठ कमी वाटतं, म्हणून टिक्की किंचित खारट लागलेलीच बरी.

डब्यात बटर पेपर असा घाला की दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच बाहेर राहील, त्याला धरूनच लादा उचलायचा आहे. मिश्रण तीन थरांत भरा आणि प्रत्येक थर चमच्याच्या पाठीने, विशेषतः कोपऱ्यांत, दाबून बसवा. आत पोकळी राहिली की काप तिथेच तुटतो. सणाची शोभा हवी असेल तर मधे वाफवलेला मटार आणि कोथिंबीर भरड वाटून त्याचा पातळ थर द्या. कापल्यावर हिरवी रेघ सुरेख दिसते. हा थर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड झाला तर लादा त्याच रेषेत दुभंगतो.

ओव्हन 180 अंशांवर तापवा. वरून फॉइल लावून 35 मिनिटं, मग फॉइल काढून 20 ते 25 मिनिटं. वरचा भाग खरपूस तांबूस व्हावा, कडा डब्यापासून किंचित सुटाव्यात, मधे सुरी घातली तर कोरडी निघावी. फ्रिजमधून काढलेला डबा असेल तर 10 ते 15 मिनिटं जास्त धरा. बाहेर काढल्यावर डब्यातच वीस मिनिटं राहू द्या. गरमागरम कापला तर उत्तम जमलेला लादाही भुगा होतो. दातेरी सुरीने बोटभर जाडीचे काप काढा, सुरी वरून न दाबता करवतीसारखी चालवा.

ओव्हन नसेल तर

केक आणि नानकटाई भाजून देणाऱ्या बेकरीला विचारा, पण 22 तारखेच्या आत. 24 ला तिथे केकच्या ट्रेची रांग असते. पावाचा घाणा निघाल्यानंतर भट्टी जरा निवते, ती वेळ मागून घ्या. लादा दुहेरी फॉइलने गच्च बांधून द्या: वरून करपत नाही, आणि शेजारच्या अंड्याच्या केकचं काही लागत नाही.

दुसरा मार्ग मोदकपात्राचा. झाकणाला फडकं बांधा म्हणजे वाफेचं पाणी लाद्यावर ठिबकणार नाही. 45 मिनिटं वाफवा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी काप काढून तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजू खरपूस करा, कोथिंबीर वडी करतो तशाच. भाजल्याची खमंग चव थोडी कमी येते, पण काप सगळ्यात नेटके याच पद्धतीने निघतात.

गहू न खाणारा पाहुणा असेल तर पावाऐवजी कडक भाकरीचा चुरा घ्या. ज्वारीचा चुरा जास्त पाणी पितो, म्हणून मसुराचं पाणी अर्धी वाटी जास्त घालून मिश्रण वीस मिनिटं मुरू द्या आणि मग डब्यात भरा. सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो. त्याऐवजी चिंचेचा कोळ एक चमचा आणि थोडं जास्त मीठ घाला.

भरलेला लाल भोपळा

दोन ते सव्वादोन किलोचा, गोल, जाड सालीचा भोपळा बघा. ओव्हन छोटा असेल तर आतली उंची मोजूनच मंडईत जा. वरची चकती कापून बिया आणि धागे खरवडून काढा, आतून मीठ आणि तूप चोळा, आणि रिकामाच 180 अंशांवर 40 मिनिटं भाजा. आत साठलेलं पाणी ओतून द्या. भरून मग भाजला तर हेच पाणी सारणात उतरतं आणि त्याची खिचडी होते.

सारणाला मालदांडी ज्वारीच्या कण्या 200 ग्रॅम घ्या, मंगळवेढ्याकडची मिळाली तर उत्तम. अर्धा तास भिजवून तिप्पट पाण्यात मोकळ्या शिजवा. तुपात जिरं, ओवा, हिरवी मिरची, 75 ग्रॅम काजू, वाटीभर मटार आणि मूठभर मनुका परतून त्यात कण्या घाला. मिळत असेल तर थोड्या कण्यांच्या जागी कोवळा हुरडा वापरा, त्याचा गोडवा भोपळ्याबरोबर छान जातो. सारण भोपळ्यात भरा, चकती ठेवा आणि आणखी अर्धा तास भाजा. साल बाहेरून सुरीला सहज लागली की थांबा. त्यापुढे भिंती खचतात आणि भोपळा टेबलावर नेतानाच बसतो. वाढताना कलिंगडासारख्या उभ्या फाका काढा, म्हणजे प्रत्येक फाकेत साल, गर आणि सारण तिन्ही येतं.

सोबत काय

लाद्याबरोबर शेंगाची आमटी देऊ नका, शेंगदाण्यावर शेंगदाणा जड होतो. त्याऐवजी कांद्याचा रस्सा करा: तीन कांदे पातळ चिरून मंद आचेवर पंचवीस मिनिटं गडद तांबूस करा. चमचाभर मैदा त्यावर परतून मसुराचं पाणी धरून तीन वाट्या पाणी घाला. पाव चमचा काळा मसाला आणि मीठ पुरे. दहा मिनिटं उकळून गाळून घ्या. गहू टाळायचा असेल तर मैद्याऐवजी शेवटी कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून लावा.

इंग्रजी ताटात क्रॅनबेरीचा आंबटगोड सॉस असतो. आपल्याकडे डाळिंब आहे आणि ते काम फार सुंदर करतं. भगव्या जातीची तीन मोठी डाळिंबं सोला, वाटीभर दाणे बाजूला काढा, बाकीचे मिक्सरमध्ये दोन-तीन सेकंद फिरवून गाळा. जास्त फिरवलं तर बी फुटून रस तुरट होतो. रसात दोन मोठे चमचे गूळ आणि दालचिनीचा तुकडा घालून स्टीलच्या पातेल्यात निम्मा होईपर्यंत आटवा. लोखंडी कढई नको, रस काळा पडतो. भगवा गोड असतो, त्यामुळे आंबटपणा वेगळा द्यावा लागतो: एक मोठा चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. चमचाभर कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून लावा, उकळी आली की उतरवा, गार झाल्यावर राखून ठेवलेले दाणे मिसळा.

दिवसांचा हिशोब

22 तारखेला पाव सुकवून चुरा करा, शेंगदाणे भाजून सोला. 23 ला डाळिंबाचा सॉस. 24 ला लादा मिसळून डब्यात दाबा आणि फ्रिजमध्ये ठेवा, रस्साही त्याच दिवशी उरका. 25 ला उपासनेहून आल्यावर ओव्हन लावला की सव्वा तासात लादा बाहेर येतो, आणि तेवढ्यात बिर्याणीचा दम होतो. पहिल्यांदाच करत असाल तर आठवडाभर आधी निम्म्या मापाचा एक करून बघा, आपला ओव्हन कुठल्या बाजूने जास्त तापतो ते कळेल.

मांडताना शाकाहारी पदार्थ मटणाच्या पातेल्यांपासून वेगळे ठेवा आणि सुरी, चमचे, झारा वेगळा द्या. तळणीचं तेलही वेगळं: मटणाचे कबाब तळलेल्या तेलात बटाटे तळले तर ते शाकाहारी राहत नाहीत. शाकाहारी पाहुण्यांना आधी वाढा, कारण सगळ्यांनी चव घेतल्यावर दहा काप पाच मिनिटांत संपतात.

काही उरलंच तर डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवस टिकतं. गार काप तव्यावर तुपात खरपूस करून, वर डाळिंबाचा सॉस लावून, लादीपावात घालून द्या.